भुताची पाळी

थोरलीला आयुष्यात कशाची कमी नव्हती. स्वतःचं शिवणाचं दुकान होतं, ऐकून घेणारा नवरा होता, नोकरीला लागलेली लेक होती, गुडघेसुद्धा अजून शाबूत होते. अडचण एवढीच होती की बरोबर खालच्या मजल्यावर धाकटी राहत होती.

धाकटी म्हणजे तिची जाऊ, दिराची बायको. ती लग्न होऊन आली त्या दिवसापासून घरात दोघींना नावं म्हणून उरलीच नाहीत. एक थोरली, एक धाकटी. धाकटी पाळणाघर चालवायची. रडून रडून निळं पडलेलं पोर तिच्या खांद्यावर टाकलं की गप्प व्हायचं, आणि मोठी माणसंही साधारण तशीच वागायची. दोघींच्या घरात चहापूड एकाच दुकानातली, दूध एकाच माणसाचं, पण येणारा जाणारा म्हणायचा, "चहा प्यावा तर धाकटीच्या हातचा." थोरलीनं एकदा चिडून धाकटीकडच्या कपांत स्वतः केलेला चहा ओतून पाहुण्यांपुढे ठेवला. पाहुणे एक घोट घेऊन म्हणाले, "वा! धाकटीनं केला वाटतं?"

हे असलं कुणाला सांगणार? कपाबशीवरून बाईमाणूस जळतंय म्हटलं तर लोक हसतील. पण थोरली जळायची, आणि चांगली जळायची. लेकीला बढती मिळाली तेव्हा लेकीनं फोन आधी काकीला केला. थोरलीला ती बातमी जिन्यात कळली, तीही धाकटीच्या तोंडून, आणि वर पेढे वाटल्यासारखा धाकटीचा हसरा चेहरा. त्या रात्री थोरली नवऱ्याला म्हणाली, "मला ना, एक अशी गोष्ट पाहिजे जी फक्त माझी असेल." नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. डोळ्याला भिंग लावलेलं तसंच ठेवून तो म्हणाला, "मी आहे की." थोरलीनं दिवा मालवला.

ती गोष्ट तिला मिळाली, आणि तीसुद्धा दुकानाच्या दारातून चालत आली.

एक डॉक्टरीणबाई राखाडी कापडाचा तागा काखेत मारून दुकानात शिरली. जनावरांची डॉक्टर. गावाबाहेर जखमी रानप्राण्यांचं केंद्र चालवायची. तिला झगे शिवून हवे होते. ना गळा, ना कंबर, ना बाह्यांना आकार. डोक्यावरून पायापर्यंत सरळ खोळ, आणि तोंडाच्या जागी जाळी.

"असलं कोण घालणार?" थोरलीनं टेप गळ्यात अडकवत विचारलं.

"भूत," डॉक्टरीणबाई म्हणाली.

मग तिनं समजावलं. आईवेगळी पिल्लं केंद्रात येतात. त्यांना भरवायचं, वाढवायचं आणि पुन्हा रानात सोडायचं. पण पिल्लानं माणसाचं तोंड पाहिलं, आवाज ऐकला, आणि त्या तोंडाची न् खाण्याची सांगड एकदा मनात बसली, की ते पिल्लू रानाचं राहत नाही. म्हणून भरवणाऱ्यानं हा झगा घालायचा आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. केंद्रात त्याला भूत म्हणायचे. सकाळी आल्या आल्या पहिला प्रश्न असायचा, "आज भुताची पाळी कुणाची?"

झगे शिवले गेले. ते पोचवायला थोरली केंद्रावर गेली, आणि परत यायला तिला संध्याकाळ झाली. कुणीतरी तिच्या हातात ब्रश दिला होता आणि तिनं एक अख्खा पिंजरा घासून काढला होता. मग ती पुन्हा गेली. मग जातच राहिली. टॉवेल धुवायचे, पाण्याची भांडी विसळायची, खारीच्या पिल्लाला दुधाची नळी लावायची. शिसारी म्हणतात ती पहिल्या आठवड्यातच संपली. घरी येताना अंगाला जो वास यायचा त्यावर नवरा खिडकी उघडायचा, पण बोलायचा नाही, कारण बायको जिना चढताना गुणगुणायला लागली होती. रात्री तिला गाढ झोप लागायची. आणि त्या केंद्रात कुणाला, अगदी कुणालाही, खालच्या मजल्यावर कोण राहतं ते ठाऊक नव्हतं. थोरलीच्या मते हे सगळ्यात मोठं सुख.

ते टिकलं नाही. एका रविवारी धाकटी जिन्यात आडवी आली. "ताई, मी पण येऊ का हो तुमच्याबरोबर? मला पण शिकवा ना."

नाही म्हणायला कारण लागतं. थोरलीकडे शंभर कारणं होती, पण त्यातलं एकही तोंडावर सांगण्यासारखं नव्हतं. "ये की," ती म्हणाली, आणि दाढ दुखत असल्यासारखी हसली.

धाकटी केंद्रावर आली आणि विचारायच्या आतच सांगून मोकळी झाली, "मी यांची धाकटी." झालं. त्या दिवसापासून डॉक्टरीणबाईपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे थोरल्या काकू, धाकट्या काकू म्हणायला लागले. घरातलं घोंगडं इथंही येऊन गळ्यात पडलं. आणि मग जे व्हायचं तेच झालं. खवल्यांचा चेंडू होऊन बसलेलं खवलेमांजराचं पिल्लू कुणाला दाद देत नव्हतं, ते धाकटीच्या ओंजळीत अलगद उलगडलं. कासव खात नव्हतं, ते धाकटीनं पान पुढे करताच मान बाहेर काढून मोकळं झालं. डॉक्टरीणबाई म्हणाली, "धाकट्या काकू, तुमच्या हाताला गुण आहे हो!" शेजारी थोरली टॉवेल पिळत होती. तिनं तो टॉवेल असा पिळला की शिवण उसवली. टॉवेलची शिवण तिनंच घातलेली, म्हणजे बघा.

घुबडाचं पिल्लू आलं ते या अशा दिवसांत.

जुन्या गिरणीचं छप्पर पाडत होते, त्यात घरटं गेलं. बाकीची पिल्लं वाचली नाहीत. हे एकटं खोक्यातून आलं. गव्हाणी घुबड. अंगावर पांढरा कापूस, आणि मधोमध कापलेल्या सफरचंदासारखं चपटं तोंड. एकटं पिल्लू सगळ्यात अवघड, डॉक्टरीणबाईनं बजावलं. चार भावंडं असली तर ती एकमेकांकडे बघून घुबड होतात. एकट्याला बघायला कुणीच नसतं, मग ते जे दिसेल त्याला आपलं मानतं. "म्हणून नियम मोडायचा नाही. तोंड नाही, आवाज नाही. फक्त झगा आणि चिमटा."

भुताची पाळी दोघी जावांना वाटून दिली. सकाळची थोरलीला, संध्याकाळची धाकटीला.

थोरली झगा चढवायची, फ्रीजरमधून काढून ठेवलेले मेलेले उंदीर चिमट्यात धरून पुढे करायची. पिल्लू मान गोल गोल फिरवत कोपऱ्यात सरकायचं आणि चोच टकटक वाजवायचं. थोडं खायचं, बाकी तसंच. संध्याकाळी धाकटी मात्र रिकामी ताटली घेऊन बाहेर यायची. भिंतीवरच्या फळीवर दोन्ही ताटल्या शेजारी शेजारी ठेवायचे. सकाळची अर्धी भरलेली, संध्याकाळची लख्ख. थोरलीला त्या ताटल्या चहाच्या कपांसारख्या दिसायला लागल्या.

तिनं शिवलेला झगा. तिनं लावलेली जाळी. धाकटीच्या झग्याची उंची कमी करून दिली तीही तिनंच. आणि पिल्लानंसुद्धा धाकटीचाच पक्ष घ्यावा? बरं, आत तोंडही दिसत नाही. मग त्याला कळतं तरी कसं?

असे दिवस गेले, आणि एका सकाळी थोरलीच्या मनानं उचल खाल्ली. केंद्रावर अजून कुणी आलं नव्हतं. तिनं दार लोटून घेतलं, जाळी वर केली, झग्याची टोपी मागे टाकली आणि आपलं साधं, घामेजलेलं, पन्नाशीचं तोंड पिल्लासमोर धरलं.

"खा रे सोन्या," ती म्हणाली. "माझ्या हातचं खा."

पिल्लू बघत राहिलं. काळेभोर डोळे, पापणी न लववता. मग ते एक पाऊल पुढे आलं, आणखी एक, आणि चिमट्यातला उंदीर त्यानं ओढून घेतला. दुसरा घेतला. ताटली संपली.

थोरली त्या दिवशी दुकानात गेली ती तरंगतच. एका बाईच्या परकराला तिनं नाडीच ओवली नाही.

मग ते रोजचंच झालं. ती आली की आधी तोंड उघडं करायची, मग हाक मारायची. पिल्लू आता तिची वाट बघायचं. तापलेली इस्त्री ओल्या कापडावर ठेवली की जसा आवाज येतो, तसं ते खर्रर्र करून भीक मागायचं, पंख अर्धे पसरून तिच्या गुडघ्याशी यायचं. ती त्याला लेकीचं सांगायची, कपांचं सांगायची, धाकटीच्या तर रोजच्या रोज चुगल्या सांगायची. ते ऐकून घ्यायचं. एवढ्या वर्षांत तिची अशी वाट कुणीच पाहिली नव्हती. नवऱ्यानं नाही, लेकीनं तर नाहीच नाही. नियम तिला ठाऊक होता. पण ती मनाशी म्हणायची, एवढंसं तोंड दाखवल्यानं काय बिघडतं? आणि बिघडत असेल तर, असंही एक बारीक मनात यायचं, ते बिघडणं तरी फक्त माझं असेल.

पिल्लाचा कापूस झडला, सोनेरी पिसं आली. त्याला उडायच्या मोठ्या पिंजऱ्यात हलवायचा दिवस ठरला. झाकलेल्या खोक्यातून नेलं, आत सोडलं, आणि सगळे पडद्यामागे उभे राहिले. पडद्याची एक दोरी अडकली होती. थोरली सवयीनं बोलून गेली, "कात्री द्या इकडे."

पिंजऱ्यात खर्रर्र सुरू झालं.

डॉक्टरीणबाईचा चेहरा उतरला. "हे काय? हे कुणाचा आवाज ओळखतंय?" तिनं पडदा बाजूला सारला आणि एकेकाला उघड्या तोंडानं जाळीपुढून जायला लावलं. ती स्वतः गेली. पिल्लू मागे सरून चोच वाजवायला लागलं. झाडूवाला गेला, तेच. धाकटी गेली. सगळ्यांची लाडकी धाकटी! पिल्लानं अंग फुगवलं, मान खाली घालून झुलायला लागलं आणि तिच्यावर फिस्कारलं.

मग थोरली गेली. पिल्लू फांदीवरून धपकन खाली उतरलं, धावत जाळीपाशी आलं आणि पंख पसरून भीक मागायला लागलं.

खोटं कशाला सांगा, त्या क्षणी थोरलीनं आधी धाकटीकडे पाहिलं. बघ! बघ कुणाकडे आलं ते! धाकटीचं तोंड एवढंसं झालं होतं. हा क्षण थोरलीनं मनात किती वर्षं शिवून ठेवला होता, आणि तो अगदी मापात बसला.

आणि लगेच उसवला.

"थोरल्या काकू," डॉक्टरीणबाई म्हणाली. आवाज चढवला असता तर परवडलं असतं, पण तो खाली गेला. "हे आता सोडता येत नाही. हे कुणाच्याही खिडकीत जाऊन असंच ओरडेल. तुम्हाला वाटतं लोक दार उघडून त्याला भरवतील? दगड मारतील. आणि ते पळणारसुद्धा नाही."

थोरली जाळी धरून उभी. आतून खर्रर्र चालूच.

"पण का? तुमच्याकडून? मला तर तुमच्या पाळीचं कौतुक वाटायचं. तुमच्याकडे बघून ते चोच वाजवायचं, अंतर ठेवायचं. म्हटलं, खरं भूत जमलं ते थोरल्या काकूंना."

"माझ्या वेळी ते खात नव्हतं," थोरली पुटपुटली. "हिच्या वेळी सगळं खायचं."

डॉक्टरीणबाईनं कपाळाला हात लावला. "अहो, घुबड आहे ते! सकाळी त्याला झोप येते, संध्याकाळी भूक लागते. त्यात कुणाच्या हाताचा काय संबंध?"

एवढी साधी गोष्ट. थोरलीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. ती चपला शोधायला लागली. इथून जायचं आणि पुन्हा तोंड दाखवायचं नाही, दुसरं काय उरलं होतं?

"यांना जाऊ देऊ नका," धाकटी मध्येच म्हणाली. "त्याला बाकी कुणाचं तोंड माहीत नाही ना? मग आता ते तोंड बघून पळायला शिकवायचं, तर ते यांनाच लागणार. आमच्या पोरांचं तसंच असतं. ज्याच्या मांडीवर बसतं, डोळेही त्यानंच वटारावे लागतात."

डॉक्टरीणबाईनं विचार केला. शेजारच्या पिंजऱ्यात पंख तुटलेलं एक म्हातारं घुबड होतं. मधली फळी काढून दोघांना एकत्र ठेवायचं ठरलं. खाणं फक्त संध्याकाळी, मागच्या झडपेतून, झग्यातल्या धाकटीनं सरकवायचं. आणि थोरलीनं रोज झगा न घालता, उघड्या तोंडानं समोरून यायचं, हाक मारायची आणि हाक मारताच पत्र्याचा डबा बडवायचा.

"हाक पण?"

"हाक पण. तुमच्या हाकेचीच भीती बसली पाहिजे."

पहिल्या दिवशी थोरलीनं "सोन्या" म्हटलं आणि डबा बडवला. पिल्लू दचकून पडलं, उठलं आणि पुन्हा तिच्याकडेच धावत आलं. तिनं पुन्हा बडवला. ते पुन्हा आलं. दर वेळी त्याला वाटायचं, चूक आपलीच झाली असेल. थोरलीच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि हात डबा बडवत होते. तेवढ्यात मागच्या झडपेतून धाकटीचा राखाडी हात आला आणि ताटली ठेवून गेला. हिनं मायेनं भरवायचं आणि मी डबा बडवायचा! थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. रडताना माणूस जळू शकत नाही असं ज्याला वाटतं, त्यानं तिला त्या दिवशी पाहायला हवं होतं.

बाहेर आल्यावर दोघी नळावर हात धुवायला बसल्या. धाकटीनं झगा काढला. तिचेही डोळे लाल.

"तुला काय झालं रडायला?" थोरली खेकसली.

"ताई, राग मानू नका. त्या दिवशी ते तुमच्याकडे धावलं ना, मला तुमचा इतका हेवा वाटला! माझ्याकडे पोरं येतात, चिकटतात, आणि शाळेत जायला लागली की रस्त्यात ओळख दाखवत नाहीत. इतकी पोरं वाढवली, एकाला माझी हाक आठवत नाही. तुमची लेक मला आधी फोन करते ना? आणि अर्धा वेळ हेच विचारते, आई काय म्हणाली असती? म्हणते, काकी, मी आधी तुझ्यावर तालीम करते, मग आईला सांगायचा धीर होतो."

थोरलीनं नळ बारीक केला.

"इथं पण मी का आले? तुम्ही जिना चढताना गुणगुणायला लागलात. म्हटलं, यांना असं काय मिळालं असेल? मला पण हवं होतं."

खरं तर थोरलीला वाईट वाटायला हवं होतं. तिला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की तिला स्वतःचीच लाज वाटली, आणि लाज वाटूनही बरंच वाटत राहिलं. "हात नीट धू," ती म्हणाली, "नखांत राहिलंय बघ." आणि साबण धाकटीकडे सरकवला.

डबा बडवणं चालू राहिलं. पिल्लू धावत यायचं ते हळूहळू चालत यायला लागलं, मग जागेवर थांबून बघायला लागलं. म्हाताऱ्या घुबडाला माणूस म्हटला की तिडीक. ते अंग फुगवून फिस्कारायचं, आणि पिल्लू त्याच्याकडे बघायचं. एका संध्याकाळी थोरली आली, तिनं "सोन्या" म्हणायला तोंड उघडलं, आणि डबा हातात घ्यायच्या आधीच पिल्लू उडून पार टोकाच्या फांदीवर गेलं आणि तिथून तिच्यावर चोच वाजवायला लागलं. टक टक टक.

थोरलीनं डबा न वाजवताच खाली ठेवला. मग डॉक्टरीणबाईला सांगायला गेली. सांगताना आवाज अगदी कोरडा होता. "मला ओळखलं त्यानं. पळालं."

सोडायला सगळे गेले ते शेताच्या कडेला, दिवस मावळता मावळता. बाकीच्यांनी झगे घातले होते. थोरली एकटी साडीवर, लांब, मोटारीमागे उभी. उंच ओट्यावर खोकं ठेवलं. त्याला पुढे दार, मागे जाळी. दार उघडलं आणि पिल्लू आतच बसून राहिलं. समोर एवढं आकाश, पण ते हलेना. सगळी भुतं तोंड बंद करून उभी. धाकटीनं खोक्याला हलकेच टिचकी मारली. ते आणखी आत सरकलं. उजेड ओसरत चालला.

डॉक्टरीणबाईनं मागे वळून थोरलीला खूण केली.

थोरली पदर खोचून पुढे आली. खोक्याच्या मागच्या जाळीशी वाकली. पिल्लाची पाठ तिच्याकडे. पाठीवरची सोनेरी पिसं आता एकसारखी बसली होती, कुठेही कापूस उरला नव्हता. तिला हात लावावासा वाटला. तिनं डबा आणला नव्हता.

"सोन्या," ती म्हणाली.

पिल्लाची मान गर्रकन मागे फिरली. त्यानं तिचं तोंड पाहिलं. तेच, घामेजलेलं, पन्नाशीचं. आणि ते उडालं. पंखांचा आवाजसुद्धा झाला नाही. ओट्यावरून, बांधावरून, झाडांच्या काळ्या रांगेवरून गेलं, आणि मागे वळून बघितलं नाही.

सगळ्यांनी टोप्या मागे टाकल्या. धाकटी रडत रडत थोरलीजवळ आली. "गेलं हो ताई! मी टिचकी मारली तेव्हा वाटलं, जातच नाही."

थोरलीनं पदरानं नाक पुसलं आणि ताठ उभी राहिली.

"तुझ्या टिचकीनं नाही गेलं," ती म्हणाली. "माझं तोंड बघून गेलं."